आकडा कुणासाठी? परभणीच्या शेतकरी कंपन्या आणि कामगिरीचे मोजमाप



सोयाबीनची पेरणी करण्याआधी आपल्याकडचा जाणता शेतकरी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून घेतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत ते मांडतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो आणि त्यावर पाणी शिंपडत राहतो. पाच-सात दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तर एकरी तीस किलो बियाणे धरायचे. साठच उगवले, तर पस्तीस किलो. त्याच्याही फार खाली गेले, तर ते पोते बियाण्यातून बाद. कृषी विभाग दर वर्षी मृगाच्या तोंडावर ही चाचणी करायला सांगतो. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिलेले एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ असे वाण ज्यांच्या घरात आहेत, त्यांना तर मी हे नव्याने सांगायला नको.

व्यवसायातल्या कामगिरीचे मोजमाप आणि त्यासाठी वापरली जाणारी धोरण-आखणीची सॉफ्टवेअर, हा आजचा विषय. तो मांडताना ही चाचणी मी पुढ्यात ठेवतो, कारण चांगल्या मोजमापात जे असायला हवे ते सगळे तिच्यात आहे. ती पेरणीआधी होते. जो पेरणार तोच ती करतो. आणि आकडा हाती येताच काय करायचे, हे आधीच ठरलेले असते. ऐंशी आले म्हणून कुणी त्याचा सत्कार करत नाही, पन्नास आले म्हणून कुणी नोटीस काढत नाही. आकड्याचे काम एकच, पेरणाऱ्याचा निर्णय सुधारणे.

आता दुसरीकडे पाहू. परभणी, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा, पालम, सोनपेठ, गंगाखेड अशा आपल्या नऊही तालुक्यांत शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. एखाद्या कंपनीच्या कार्यालयात जा. एक संगणक, एक प्रिंटर, भिंतीला नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि माहिती भरत बसलेला एक तरुण व्यवस्थापक. एका पोर्टलवर सभासदांची यादी, दुसऱ्यावर अनुदानाची प्रगती, तिसऱ्यावर कंपनी कायद्याखालची विवरणपत्रे, बँकेसाठी वेगळी एक्सेल शीट, आणि हिशोबनीस म्हणून जो कुणी असेल त्याच्याकडे टॅली. इतके आकडे आपल्या कोणत्याही जुन्या सहकारी संस्थेने कधी भरले नव्हते. त्या तरुणाला विचारा, यातला कोणता आकडा पाहून तुम्ही गेल्या महिन्यात एखादा निर्णय बदलला? बहुतेक वेळा तो शांतपणे विचार करतो आणि म्हणतो, तसा कोणता नाही, हे सगळे वर पाठवायचे असते.

हे असे का झाले, आणि ते कसे बदलता येईल, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी या पद्धतीचा थोडा इतिहास. उद्दिष्टे ठरवून व्यवस्थापन करावे, ही मांडणी पीटर ड्रकर यांनी १९५४ साली केली. १९९२ मध्ये रॉबर्ट कॅपलन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त संतुलित गुणपत्रकाची कल्पना मांडली. त्यांचे म्हणणे असे की, नुसता नफा-तोटा पाहून धंदा कळत नाही, कारण नफा हा होऊन गेलेल्या गोष्टींचा आकडा आहे. म्हणून ग्राहकाला काय वाटते, आतले काम कसे चालते, माणसे काय नवे शिकतात, हेही पैशाच्या आकड्याशेजारी ठेवा. तिकडे इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी उद्दिष्ट आणि त्याखाली मोजता येतील असे तीन-चार परिणाम लिहायची रीत रुजवली होती. १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी ती गूगलमध्ये नेली. आज बाजारात मिळणारी धोरण-आखणीची सॉफ्टवेअर याच घराण्यातली आहेत. त्यांच्या पडद्यावर वर उद्दिष्ट असते, त्याखाली निर्देशक, प्रत्येकापुढे आजचा आकडा, गाठायचा आकडा, जबाबदार व्यक्ती, आणि शेवटी लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका. पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत, बँकांत हे रोजच्या वापरातले झाले आहे.

आपल्याकडे ते दोन वाटांनी आले. पहिली वाट सरकारच्या आखणीची. महाराष्ट्राने जिल्हावार धोरणात्मक आराखडे करायला घेतले. जिल्ह्यांची आखणी, आकडेवारी आणि संस्थात्मक क्षमता सुधारण्याच्या ‘महास्ट्राइड’ प्रकल्पासाठी जागतिक बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १८ कोटी ८० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. म्हणजे यापुढे जिल्ह्याची कामगिरीही निर्देशकांवर मोजली जाणार. दुसरी वाट शेतकरी कंपन्यांची. प्रा. वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि उत्पादक कंपनी हा प्रकार जन्माला आला. मार्च २०१९ अखेर देशात अशा ७,३७४ कंपन्या नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात होता. पुढे २०२० मध्ये केंद्राची दहा हजार कंपन्यांची योजना आली. राज्यात बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘स्मार्ट’ म्हणतो तो, सुरू झाला. त्याआधी २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प परभणीसह पंधरा जिल्ह्यांत सुरू होताच. दोन्हींमागे जागतिक बँकेचे कर्ज, त्यामुळे दोन्हींत मोजमापाची शिस्त पक्की.

या शिस्तीला मी नावे ठेवत नाही. गावात बसून अर्ज करता येतो, तो कुणाच्या टेबलावर आहे हे दिसते, शेततळ्याचा फोटो त्याच्या अक्षांश-रेखांशासह चढतो. पूर्वी यातल्या प्रत्येक पायरीला शेतकऱ्याला तालुक्याला खेटे घालावे लागत. माझी तक्रार वेगळी आहे. हे मोजमाप योजनेचे आहे, धंद्याचे नाही. योजनेला जाणून घ्यायचे असते की दिलेला पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाला का. धंद्याला जाणून घ्यायचे असते की उद्या सकाळी काट्यावर आलेला माल कोणत्या भावाने घ्यावा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे भरता भरता दुसरा प्रश्न विचारायलाच कुणाला सवड उरत नाही.

दहा हजारांच्या योजनेचेच पाहा. सपाट प्रदेशात कंपनीला किमान तीनशे सभासद हवेत. तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाखांपर्यंत मदत, सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीमागे १५ लाखांपर्यंत भागभांडवलाची जोड. फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारावी कंपनी नोंदली गेल्याचे जाहीर झाले. मग तीनशे हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. तीनशे भरले की पडद्यावरचा ठिपका हिरवा. त्या तीनशेंपैकी किती जणांनी गेल्या हंगामात आपले सोयाबीन कंपनीच्या काट्यावर आणले, हा रकाना शोधा. हा एक आकडा मला बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो. सभासद शंभर रुपयांचा शेअर ओळखीखातर घेतो, माल मात्र जिथे भाव, माप आणि पैसे यांवर विश्वास आहे तिथेच नेतो. तीनशेपैकी चाळीसच जण माल आणत असतील, तर ती कंपनी चाळीस जणांची आहे. तिचे धोरण चाळीस जणांपासून आखायला हवे.

आता मी काट्यावर येतो. इथे जरा थांबू, कारण कंपनी बुडते ती बहुतेक वेळा इथेच, आणि कुणाच्या लक्षात न येता.

ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा. मळणी झाली, वरून परतीच्या पावसाचा शिडकावा होऊन गेला. माल ओला आहे. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि मोंढ्यातले भाव त्याच्या बरेच खाली होते. ओलाव्यामुळे माल परत जाऊ लागला, तेव्हा नोव्हेंबरमध्ये ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. ओलाव्यातल्या अशा फरकात काय दडले आहे? शंभर किलो सोयाबीनमध्ये १६ टक्के ओलावा असेल, तर त्यात कोरडा दाणा ८४ किलो. हाच माल वाळून १२ टक्क्यांवर आला, की वजन भरते साडेपंच्याण्णव किलोच्या आत. साडेचार किलो हवेत गेले. ते चोरीला गेले नाहीत, हमालाने सांडले नाहीत, उंदरांनी खाल्ले नाहीत.

आता हे कंपनीच्या प्रमाणात मोजू. समजा, कंपनीने हंगामात १,००० क्विंटल सोयाबीन सरासरी १४ टक्के ओलाव्याने ४,३०० रुपयांनी घेतले. गोदामात पडून ते ११ टक्क्यांवर आले. विकताना काट्यावर भरले ९६६ क्विंटल. चौतीस क्विंटल कमी, म्हणजे सुमारे १ लाख ४५ हजार रुपये. क्विंटलमागे शंभर रुपये सुटतील असा हिशोब मांडून संचालकांनी खरेदी केली असेल, तर अपेक्षित १ लाख तर गेलेच, वर पंचेचाळीस हजार खिशातून. काडीकचरा आणि मातेऱ्याची तूट यात धरलेलीच नाही. आणि याच कंपनीच्या डॅशबोर्डवर काय दिसेल? उलाढाल ४३ लाख, उद्दिष्ट ४० लाख, ठिपका हिरवा.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या भागातल्या सोयाबीन घेणाऱ्या कंपनीने उलाढालीच्या वर एक रकाना ठेवावा : आवक होतानाचा सरासरी ओलावा आणि त्यातून होणारी घट. हा आकडा मार्चमध्ये ताळेबंदातून काढला तर नुसता शोक करायला उपयोगी. रोज संध्याकाळी काढला, तर उद्याचा भाव ठरवायला उपयोगी. १४ टक्क्यांचा माल कोणत्या भावाने घेतला तर तो १२ टक्क्यांच्या मालाइतकाच पडतो, याचा तक्ता काट्याशेजारी लावता येतो. मग शेतकऱ्याशी वाद कमी होतो, कारण दर कुणाच्या मर्जीवर कापला जात नाही. ओलावा मोजणाऱ्या मीटरचा आकडा त्याच्या समोर, तक्ता त्याच्या समोर. दोन दिवस ऊन देऊन आणले तर किती जास्त मिळतील, हेही त्याला तिथेच कळते. काही जण पोती परत नेतात आणि वाळवून आणतात. त्यात कंपनीचाही फायदा आहे आणि शेतकऱ्याचाही.

यात एक अट आहे, मीटर बरोबर असले पाहिजे. वर्षानुवर्षे न तपासलेल्या मीटरवर उभारलेले सॉफ्टवेअर चुकीचाच आकडा दशांश चिन्हासह दाखवते. आणि जे मीटर सांगत नाही, ते चाळणीवर काम करणाऱ्या बायकांना विचारा. कोणत्या गावच्या मालात माती जास्त, कोणत्या पोत्याला तळाशी ओल, हे त्यांना हाताने कळते. त्यांचे म्हणणे लिहून घ्यायला कोणत्याही पोर्टलवर जागा नाही, आणि मला ही फार मोठी उणीव वाटते.

दुसरा आकडा पैशाच्या फेऱ्याचा. मोंढ्यातला आडत्या शेतकऱ्याला पट्टी होताच पैसे देतो, म्हणून शेतकरी त्याच्याकडे जातो. कंपनीलाही लगेच द्यावे लागतात. पुढे मोठ्या खरेदीदाराकडून किंवा सरकारी खरेदीचे पैसे यायला वेळ लागतो. खेळते भांडवल वर्षाला १२ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याला एक टक्का. ४,३०० रुपयांचा माल दोन महिने अडकला की व्याज ८६ रुपये. क्विंटलमागच्या शंभरातले ८६ व्याजातच गेले, उरलेल्या चौदा रुपयांत हमाली, तोलाई, बारदाना आणि व्यवस्थापकाचा पगार. त्याऐवजी पंधरा दिवसांत पैसे परत आले, तर तेच भांडवल हंगामात तीन-चार वेळा फिरते. म्हणून ‘पैसे दिल्यापासून पैसे येईपर्यंतचे दिवस’ हा आकडा प्रत्येक सौद्याला मोजा. सरासरी काढून समाधान मानू नका. कोणता खरेदीदार किती दिवस लावतो, हे वेगवेगळे दिसले पाहिजे. दहा रुपये कमी देणारा पण आठवड्यात पैसे टाकणारा खरेदीदार कित्येकदा जास्त परवडतो.

यंत्राचा आकडा थोडक्यात सांगतो. अनुदानातून चाळणी-प्रतवारीचे यंत्र आले, शेड उभी राहिली, उद्घाटन झाले. योजनेच्या दृष्टीने काम पूर्ण. पण ताशी दोन टनांचे यंत्र दिवसाला आठ तास आणि हंगामात चाळीस दिवस चालले, तर त्यातून ६,४०० क्विंटल जायला हवेत. गेले १,६०० असतील, तर यंत्र पाऊण वेळ उभे आहे. अशा वेळी दुसऱ्या यंत्राचा प्रस्ताव करण्याऐवजी रब्बीतला हरभरा, ज्वारी, शेजारच्या गावांचे बियाणे त्यातून कसे जाईल, याचा विचार व्हायला हवा.

मराठवाड्याच्या माणसाला आकड्यांचे महत्त्व कुणी शिकवायला नको. आपले राजकारणच एका आकड्याभोवती फिरले आहे, अनुशेषाच्या. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालची समिती १९८३ मध्ये नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी ही पट्टी धरून कोणता जिल्हा किती मागे आहे, हे तिने मोजले. एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या घरात, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटींच्या आसपास. तोवर ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे भाषणातले वाक्य होते. आकडा आला आणि ते मागणीपत्र झाले. पाण्याच्या हिशोबात वेगवेगळ्या पिकांचे सिंचन रब्बी ज्वारीच्या प्रमाणात बसवले गेले. ज्वारीच्या परभणीला याहून जवळचे माप कोणते असणार!

पण त्याच सिंचनाच्या आकड्याने पुढे धडा दिला. मोजली जात होती निर्माण झालेली सिंचनक्षमता. धरण झाले, कालवा झाला की क्षमता निर्माण झाली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला, आपल्या बाजूला, पाणी किती आवर्तनांत आणि किती दिवस आले, हा दुसरा आकडा होता आणि तो पहिल्याच्या सावलीत राहिला. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दिसले की, दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेले. केवढे वादळ उठले ते आपल्याला आठवते. श्वेतपत्रिका निघाली, चौकश्या झाल्या. आणि त्यानंतर पाहणीच्या त्या रकान्यात वर्षानुवर्षे ‘उपलब्ध नाही’ असे छापले गेले. अडचणीचा आकडा सुधारण्यापेक्षा तो मोजणेच थांबवणे सोपे असते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तर एका क्लिकचे काम आहे. सतत लाल दिसणारा निर्देशक पुढच्या वर्षीच्या आराखड्यातून हळूच वगळला जातो. म्हणून संचालक मंडळाला माझे सांगणे आहे की, एखादा निर्देशक काढायचा असेल तर त्याचा ठराव करा आणि कारण इतिवृत्तात लिहा.

पैसेवारीचेही तसेच. पूर्वीची आणेवारी, आताची पैसेवारी. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांचे परीक्षा शुल्क माफ. शेताच्या स्थितीचा अंदाज घेण्यासाठी निघालेला हा आकडा. पण इतके सगळे त्याला बांधल्यावर अठ्ठेचाळीस की बावन्न यावर मोर्चे निघतात, निवेदने जातात, आणि पिकाकडे पाहायचे राहून जाते. शेतकरी यात चुकतो असे मी म्हणणार नाही. ज्याचे वर्ष एका आकड्यावर टांगले आहे, तो त्या आकड्यासाठी भांडणारच. चूक बांधणाऱ्याची आहे. महसूल मंडळातल्या एका पर्जन्यमापकावर ६५ मिलिमीटर पडले की नाही, यावर कित्येक गावांची नुकसानभरपाई ठरते, तिथेही हेच होते.

हे फक्त आपल्याकडे होते असेही नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात हेच नोंदवले. एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी जोर दिला, की त्या आकड्याचा जुना अर्थ ढासळतो. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत ग्राहकामागे आठ सेवा विकायचे उद्दिष्ट होते. कर्मचाऱ्यांवर रोजचा दबाव इतका की त्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे सुमारे वीस लाख खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी आधीच कामावरून गेले होते. त्या काळात बँकेचे सगळे तक्ते उत्तम दिसत होते.  आपल्याकडचे कागदोपत्री सभासद हे त्याच रोगाचे छोटे रूप आहे, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही ते नवे नाही.

मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही, असे एक वाक्य प्रशिक्षण वर्गांत हमखास डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावावर सांगितले जाते. डेमिंग यांचे मत याच्या नेमके उलट होते, ती समजूत फार महागात पडते असे त्यांनी लिहिले आहे. संख्याशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसाचे हे मत आहे, म्हणून त्याला वजन आहे. सभासदाचा विश्वास, व्यवस्थापकाची सचोटी, अध्यक्षाचे गावातले बोलणे यांना रकाना नाही. त्यांची किंमत शून्य आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

मग सॉफ्टवेअर घ्यावे की नाही? घ्यावे. पण उलट बाजूने सुरुवात करावी. आधी निर्णय लिहून काढावेत. कोणत्या भावाने घ्यायचे, कुणाला विकायचे, माल किती दिवस धरायचा, कर्ज किती काढायचे. प्रत्येक निर्णयाला कोणता आकडा लागतो आणि तो कोणत्या दिवशी लागतो, ते पाहावे. तेवढेच रकाने ठेवावेत. तो आकडा कुठून येणार हेही लिहावे. काटापट्टीवरून, मीटरवरून, बँकेच्या खातेउताऱ्यावरून की कुणाच्या तोंडी सांगण्यावरून. तोंडी आलेला आकडा वेगळ्या रंगात दाखवावा. प्रत्येक लाल ठिपक्याशेजारी ‘का’ एवढाच रकाना असावा, आणि तिथे ‘पाऊस झाला’ एवढे लिहून सुटका होऊ नये. लाल दाखवणाऱ्या व्यवस्थापकाला सभेत झापले, तर पुढच्या महिन्यापासून त्याचा पडदा हिरवागार होईल. आणि आकडे मराठीत, छापून, काट्याच्या खोलीबाहेर लावावेत. ज्या कंपनीचा आकडा तिच्या सभासदाला वाचता येत नाही, त्या कंपनीवर मालकी कुणाची, हा प्रश्न मी इथे उघड विचारतो.

योजना राबवणाऱ्या अधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. पोर्टलवर दोन रकाने वाढवा : माल आणणाऱ्या सभासदांचे प्रमाण आणि शेतकऱ्याला पैसे मिळायला लागलेले दिवस. आणि या दोहोंवर अनुदान बांधू नका. बांधलेत तर तेही आकडे वर्षभरात बिघडतील.

कंपनी कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. तिथे वाचला जाणारा ताळेबंद ३१ मार्चचा असतो आणि तो ज्या सोयाबीनबद्दल बोलतो ते जवळपास वर्षापूर्वी काट्यावर आलेले असते. नवा माल मात्र सभेनंतर पंधरा दिवसांत दाराशी येणार असतो. या सभेत ताळेबंदाबरोबर पुढच्या हंगामाचे तीन आकडे मंजूर करून घ्या. माल आणणारे सभासद किती असतील, ओलाव्याची घट किती धरली आहे, पैसे किती दिवसांत देणार. मग ऑक्टोबर ते डिसेंबर दर पंधरवड्याला संचालकांनी तासभर बसावे. इथे सॉफ्टवेअर खरोखर कामाला येते. ते मागच्या तीन हंगामांचे आकडे शेजारी शेजारी दाखवते, कोणत्या गावची आवक थांबली ते सांगते, आणि कुणी विसरले तर आठवण करते.

प्रश्नोत्तरे आता सुरू होतील. ज्या कंपन्यांच्या प्रतिनिधींनी गेल्या हंगामाच्या काटापट्ट्या आणि ओलाव्याच्या नोंदी सोबत आणल्या आहेत, त्यांनी पुढच्या रांगेत यावे. फळा आहे, खडू आहे. तुमची घट किती झाली, ते आपण इथेच काढून पाहू.